तिला हरणाऱ्या बाजूला टाका

मी चौथी शिकलो. पाचवीच्या वर्गात दोन महिने बसलो, पण मास्तरांना मी नको होतो आणि मला मास्तर नको होते, विषय संपला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझं शुद्धलेखन काढायला नको. मला हॉकी येते. तेवढी येते, आणि ती चांगली येते.

हॉकी म्हणजे बर्फावरची नव्हे. आपली, मैदानातली. खडकीच्या मुरमाच्या मैदानावर मी ती शिकलो. तिथं पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे आणि घरी गेल्यावर आई सुईनं काढायची. ऐन जवानीत इकडे विलायतेत आलो, बसच्या गॅरेजात पस्तीस वर्षं नटबोल्ट पिळले. रिटायर झालो तेव्हा बायको म्हणाली, "दिवसभर घरात बसून माझ्या भाजीतलं मीठ तपासणार असाल, तर बाहेर काहीतरी बघा." ते बाहेरचं काहीतरी म्हणजे लंडनच्या हॅरोजवळचा एक छोटा हॉकी क्लब. तिथं मी लहान मुलामुलींना शिकवतो. सोळा वर्षं झाली.

आमचा क्लब लीगमध्ये इतक्या खाली आहे की त्याच्या खाली फक्त कार पार्क आहे. स्वतःचं मैदान नाही. एका शाळेचं ॲस्ट्रो, म्हणजे ते हिरव्या गालिच्यासारखं मैदान, शनिवारी सकाळी दोन तास भाड्यानं मिळतं. अशा क्लबच्या कोचचं काम काय, असं मला माझ्या मुलानंच एकदा विचारलं. "बाबा, तुमची टीम तर नेहमी हरते. मग तुम्ही करता काय?" मी म्हटलं, "पोरं तयार करतो. तयार झाली की ती मोठ्या क्लबात जातात, म्हणून आम्ही हरतो." त्याला ते पटलं नाही. तो अकाउंटंट आहे.

पोर कुठल्या जागी खेळणार हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. ती मी खडकीच्या आमच्या कोचकडून घेतली. ते कारखान्यात फिटर होते. आम्हा तीस पोरांत एकच चेंडू, तो नाल्यात गेला की कोण धावतं, कोण बोट दाखवतं, कोण नाल्याच्या पुढं जाऊन आधीच उभा राहतो, हे ते बिडी ओढत बघायचे. खेळाकडे कमी बघायचे. इथं माझ्याकडे दोन पिशव्या भरून चेंडू आहेत. सराव संपला की मी म्हणतो, "गोळा करा," आणि मग बघत उभा राहतो. जवळचे चेंडू पटापट उचलून पळणारी पोरं पुढं खेळायची, फॉरवर्ड. कुंपणापाशी गेलेला चेंडू आणायला आपणहून जाणारी मधली. आणि एखादंच पोर असं असतं की ते सगळ्यात शेवटी येतं, पिशवीत डोकावतं आणि म्हणतं, "दोन कमी आहेत." ते पोर मागं. डिफेन्सला. बाकीचे लोक कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून ठरवतात. बघू देत.

तर ही मुलगी. बारा वर्षांची, लुकडी, जवळच पिनरला राहणारी. आईवडील दोघं नागपूरचे, आई एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. मुलगी पाच वर्षांची असताना आली, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं. मला आजोबा म्हणते. आमच्या क्लबात आली तेव्हा स्टिक झाडूसारखी धरायची. तीन वर्षांत अशी खेळायला लागली की समोरच्या टीमचे पालक तिचं नाव विचारायचे. फॉरवर्ड खेळायची आणि गोल करायची. मागच्या मोसमात पंचवीसेक केले असतील.

पण दर शनिवारी पिशवीत डोकावणारी तीच. "आजोबा, एक ऑरेंज बॉल नाहीये."

त्या वर्षी तिला काउंटीच्या टीममध्ये जायचं होतं. काउंटी म्हणजे आपल्याकडे जिल्हा म्हणतो तसं. तेराखालच्या मुलींची निवड सप्टेंबरात होते, आणि एकदा का त्या वयात घेतलं की पुढची चार-पाच वर्षं चांगले कोच, चांगली मैदानं, सगळं मिळतं. त्या वर्षी नाही लागला नंबर, तर नंतर नव्यानं फारसं कोणाला घेत नाहीत. तिची वर्गातली मैत्रीण दुसऱ्या क्लबातून आधीच गेली होती. पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आईनं सांगितलं की ती जेवताना टेबलाखाली पायानं चेंडू फिरवते.

निवडीसाठी क्लबच्या कोचनं फॉर्म भरायचा असतो. तो कॉम्प्युटरवर. माझं इंग्रजी बोलण्यापुरतं आहे, त्यामुळे असले फॉर्म माझी सून भरते. तिनं विचारलं, "बाबा, पोझिशन काय लिहू?" मी म्हटलं, "डिफेंडर." तिनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं, आणि तिनं लिहिलं.

त्या फॉर्मची प्रत पालकांना ईमेलनं जाते हे मला ठाऊक नव्हतं. शनिवारी कार पार्कमध्ये मुलीची आई माझी वाट बघत उभी होती.

"काका, हे काय लिहिलंत तुम्ही? डिफेंडर?"

"डिफेंडरच आहे ती."

"अहो, पंचवीस गोल केलेत तिनं!"

"आमच्या लीगमध्ये. आमच्या लीगमध्ये माझी बायकोसुद्धा दोन करेल."

"काका, मस्करी नका करू."

"मस्करी कसली? गुडघा धड असता तर तीन केले असते तिनं."

ती हसली नाही. "तिला मी काय सांगू? तिथं सगळ्या मुली गोल करून दाखवणार आणि माझी पोरगी मागं उभी राहून बघणार?"

"तिथं पुढं खेळणाऱ्या चाळीस असतील," मी म्हटलं. "पंचवीस गोल केलेल्या तीस. तुझी एकतिसावी. मागं उभं राहून ज्यांना सगळं मैदान दिसतं अशा दोन असतील. त्यांतली पहिली तुझी."

"आणि हे तुम्हाला कशावरून कळलं?"

आता चेंडूंच्या पिशवीचं तिला काय सांगणार? सॉफ्टवेअरवाली बाई. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांवरून." गाडीची काच खाली होती, पोरगी मागच्या सीटवरून ऐकत होती. "आई, प्लीज, स्टॉप इट," एवढंच म्हणाली आणि काच वर घेतली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती भाकरी उलटत म्हणाली, "हट्ट स्वतःच्या पोरांवर चालवलात तेवढा पुरे. ही दुसऱ्याची आहे."

ते मला लागलं. पण फॉर्म बदलला नाही.

पुढचे सहा आठवडे मी तिला मागं खेळवलं. डिफेन्समध्ये शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे धावून न जाणं. समोरून कोणी चेंडू घेऊन आलं की लहान पोर झडप घालतं, आणि समोरचा त्याला चुकवून निघून जातो. त्याऐवजी मागं सरकायचं. स्टिक जमिनीलगत, गुडघे वाकलेले, डोळे चेंडूवर, त्याच्या डोळ्यांवर नाही. मागं, मागं, मागं. तो घाई करेल. चेंडू त्याच्या स्टिकपासून वीतभर सुटेल. तेव्हा घ्यायचा. मी स्वतः चेंडू घेऊन तिच्यासमोर जायचो, पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याला जमेल तेवढ्या वेगानं.

"आजोबा, इट्स सो बोरिंग. मी नुसती मागे मागे जाते."

"मग चेंडू कोणाकडे आहे आता?"

ती खाली बघायची. चेंडू तिच्याकडे असायचा. तरी तोंड पाडलेलंच. ऐकायची मात्र. आई दर शनिवारी कुंपणापाशी कॉफीचा कप घेऊन उभी राहायची आणि मला फक्त "गुड मॉर्निंग" म्हणायची. नागपूरची माणसं रागावली की इंग्रजीत बोलतात की काय कोण जाणे.

निवडीचा दिवस रविवार होता. वारा असा की चेंडू ठेवला तर आपला आपण चालायला लागेल. ऐंशीएक मुली, छातीवर नंबर, टीम ओळखायला चार रंगांची बिनबाह्यांची जाकिटं. निवडणारी चार माणसं हातात लिहायचे पॅड घेऊन. मुख्य होती एक उंच, पिकल्या केसांची बाई. आम्हा सगळ्यांना, पालक आणि कोच दोघांनाही, कुंपणाच्या बाहेर उभं राहायला सांगितलं होतं. ओरडून काही सांगायचं नाही. प्रत्येक मुलीला वीस-वीस मिनिटांच्या तीन मॅच.

आमच्या मुलीला निळं जाकीट मिळालं. एक्केचाळीस नंबर. मागं, डाव्या बाजूला.

पहिली मॅच सुरू झाली आणि पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की निळी टीम जबरदस्त आहे. त्यांच्या पुढच्या तीन मुली म्हणजे नुसत्या विजा. चेंडू सगळा वेळ समोरच्या गोलपाशी. निळ्यांनी चार गोल मारले. आमची मुलगी मागं गुडघे वाकवून, स्टिक खाली धरून, तयार. तिच्याकडे कोणी आलंच नाही. वीस मिनिटांत तिनं चेंडूला दोनदा हात लावला, त्यांतला एकदा तर बाहेर गेलेला चेंडू पंचांना आणून द्यायला.

दुसऱ्या मॅचमध्येही तेच. निळ्यांनी तीन गोल मारले. पॅडवाल्यांपैकी एकजणही आमच्या बाजूला वळून बघत नव्हता. का बघावं? तिथं बघण्यासारखं काही घडतच नव्हतं. आई माझ्या शेजारी उभी होती. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिथं, त्या वाऱ्यात, मला माझी चूक कळली. ती चूक दुसऱ्या कुठल्या कोचनं केली नसती. मी सोळा वर्षं अशा क्लबात उभा आहे जिथं मागं खेळणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. समोरचे येतच राहतात. मागं खेळणाऱ्याला काम नसेल, असंही कधी होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. फॉरवर्ड कुठल्याही टीममध्ये दिसतो. मागचा दिसतो तो टीम अडचणीत आली तरच. पोरगी डिफेंडर आहे हे मी बरोबर ओळखलं होतं, अजूनही म्हणतो. पण ती जिंकणाऱ्या टीममध्ये पडली तर काय, याचा विचार मी केला नव्हता. आणि आता एकच मॅच उरली होती.

पलीकडच्या अर्ध्या मैदानावर हिरवी टीम हरत होती. सडकून हरत होती. त्यांच्या मागच्या मुली एकमेकींवर आदळत होत्या.

मी कुंपणाचं दार उघडून आत गेलो.

"सर, प्लीज, पालक बाहेर," गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेला एक तरुण धावत आला.

"आय ॲम नॉट पेरेंट. आय ॲम कोच."

"कोचसुद्धा बाहेर, सर."

"दोन मिनिटं," मी म्हटलं आणि चालत राहिलो. म्हाताऱ्या माणसाला हात धरून कोणी अडवत नाही, हा म्हातारपणाचा एकमेव फायदा. पिकल्या केसांची बाई पाणी पीत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. माझं इंग्रजी बसच्या गॅरेजातलं आहे, तसंच्या तसं बोललो. "मॅडम, नंबर फॉर्टी वन. प्लीज पुट हर इन द लूझिंग टीम."

"सॉरी?"

"ग्रीन टीम. दे आर लूझिंग. शी इज डिफेंडर." आणि तिला नीट कळावं म्हणून पुढं म्हटलं, "डिफेंडर इन विनिंग टीम, लाइक फायर ब्रिगेड इन रेन. यू कॅनॉट सी एनिथिंग."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, दरवर्षी दहा कोच येऊन सांगतात की आमच्या मुलीला चांगल्या टीममध्ये टाका. वाईट टीममध्ये टाका म्हणणारा तुम्ही पहिलाच. आम्ही असं कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. आणि आता कृपा करून बाहेर जा. हे सगळं तिनं इतक्या सभ्यपणे सांगितलं की मी "थँक यू" म्हणून बाहेर आलो. पण येताना मागं वळून बघितलं. ती पॅडवर काहीतरी लिहीत होती.

"काय बोललात?" आईनं विचारलं. किती तरी आठवड्यांनी मराठीत.

"म्हटलं, तिला हरणाऱ्या बाजूला टाका."

तिनं कप खाली ठेवला. "तुम्ही मुद्दाम जाऊन, माझ्या पोरीला, हरणाऱ्या टीममध्ये टाका म्हणून सांगितलंत?"

"हो."

"मी आता तुमच्याशी बोलणारच नाही, काका."

"बोलू नको. बघ."

तिसऱ्या मॅचच्या आधी दोन-तीन मुलींची जाकिटं बदलली. एक्केचाळीस नंबरला बोलावून तिचं निळं काढून घेतलं आणि हिरवं दिलं. मुलीनं ते हातात घेतलं आणि कुंपणाकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिला वाटलं, आपण पडलो. आपल्याला खालच्या टीममध्ये ढकललं.  आणि ओरडून सांगायची बंदी. मी नुसता हात खाली करून गुडघे वाकवून दाखवले. शेजारच्या गोऱ्या बापाला वाटलं, मला कंबरदुखी आहे. त्यानं बसायला खुर्ची दिली.

समोर तेच निळे होते. पहिल्याच मिनिटाला त्यांच्या सगळ्यात धिप्पाड मुलीनं आमच्या मुलीला चुकवलं आणि गोल. आईनं डोळे मिटले.

मग काय झालं ते मी नीट सांगतो, कारण ते मी रोज एकदा आठवतो. आमच्या मुलीनं स्टिक जमिनीवर आपटली, एकदाच. मग ती मागच्या दोघींपाशी गेली, त्यांचे दंड धरून त्यांना जागेवर उभं केलं. काय बोलली ऐकू आलं नाही. पण त्यानंतर त्या एकमेकींवर आदळायच्या थांबल्या. निळे परत आले. ती सरकली. मागं, मागं. चेंडू वीतभर सुटला आणि तिनं तो असा काढून घेतला, जसा कोणी टेबलावरचा चमचा उचलावा. परत आले. परत घेतला. एकदा दोघी मिळून आल्या, तेव्हा तिनं एकीकडे जाण्याचं सोंग करून दुसरीचा चेंडू अडवला. मग त्या धिप्पाड मुलीला राग आला आणि ती एकटीच सरळ धावत आली. आमची मुलगी सरकत सरकत थेट गोलच्या तोंडाशी गेली.  इथं तरी झडप घाल, असं मी खडकीच्या भाषेत पुटपुटलो. तिनं घातली नाही. धिप्पाड मुलीनं मारायला स्टिक उचलली, पण तोवर चेंडू तिथं नव्हता. तो आमच्या मुलीकडे होता आणि ती अर्ध्या मैदानापर्यंत पोचली होती.

माझ्या कोटाची बाही कोणीतरी घट्ट पिळत होतं. बघितलं तर आई.

चारही पॅडवाले आता एकाच बाजूला बघत होते.

हिरवे तीन गोलांनी हरले. दुसरी कुठली मुलगी तिथं असती तर दहांनी हरले असते. पण बारा वर्षांच्या पोरीला ते कोण सांगणार? जाताना मी त्यांच्याच गाडीत होतो. बसताच ती रडायला लागली. "आय वॉज रबिश. त्यांनी मला डिमोट केलं. मी ब्लू टीममध्ये होते, जिंकत होते, आणि दे जस्ट..."

"त्यांनी नाही," मी पुढच्या सीटवरून म्हटलं. "मी सांगितलं होतं."

रडणं एकदम थांबलं. "यू?"

"हो."

"व्हाय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. निळ्या टीममध्ये ती दिसत नव्हती ते. माझी चूकसुद्धा. मी चूक कबूल केली हे आईनं ऐकलं, आणि तिनं सिग्नलला थांबून माझ्याकडे चक्क वळून बघितलं.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग नाक पुसून म्हणाली, "ओके. पण तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं. फॉर्मचंपण. तो माझा फॉर्म होता."

सोळा वर्षांत किती पालकांनी, किती पंचांनी मला सुनावलं. एकाचंही मी मनावर घेतलं नाही. हे घेतलं. तेव्हापासून पोरांना आधी विचारतो. ऐकतो असं नाही, पण विचारतो.

दहा दिवस ईमेलची वाट बघण्यात गेले. बायको म्हणाली, मी झोपेत कूस बदलताना "मागं, मागं" म्हणतो. अकराव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आईचा. मागून मुलीचं किंचाळणं ऐकू येत होतं. ते ऐकून मला काय ते कळलं.

"घेतलं, काका," ती म्हणाली. "डिफेंडर म्हणून. आणि खाली लिहिलंय की..." तिनं मला ते इंग्रजीत वाचून दाखवलं. मी परत वाचायला लावलं. मतलब असा की ही मुलगी दबावाखाली शांत राहते आणि दुसऱ्यांना सांभाळून घेते.

"तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही," ती पुढं म्हणाली.

"नको म्हणू. ईमेलमध्ये लिहिलंय ते पुरे."

"काका!"

रविवारी ती पुडाच्या वड्या करून घेऊन आली, नागपुरी, भरपूर कोथिंबीर घातलेल्या. बायकोनं दोन खाल्ल्या, मी सहा. हट्टाबद्दल घरात कोणी काही बोललं नाही.

काउंटीचा सराव शनिवारी सकाळी असतो. म्हणजे आमच्याच वेळेला. त्यामुळे मुलगी आता आमच्याकडे येत नाही. येऊही नये. तिथले कोच तिला ज्या गोष्टी शिकवतात त्यांतल्या अर्ध्या मला येत नाहीत, आणि उरलेल्या अर्ध्या त्यांना माझ्याकडून शिकायला हरकत नव्हती. पण असो.

ती गेल्यानंतरची आमची पहिली मॅच आम्ही सात गोलांनी हरलो. मागं कोणी नव्हतंच. ते यायचे आणि गोल मारायचे, जसं काही आमचं मैदान उताराचं होतं. पोरांनी मात्र शेवटपर्यंत धाव सोडली नाही, आणि एका नऊ वर्षांच्या मुलीनं त्या गडबडीत मला विचारलं की मागं सरकताना डावा पाय आधी की उजवा. सातव्या गोलानंतर समोरच्या टीमचा कोच माझ्याजवळ आला. तरुण माणूस, चांगला. त्याला माझी दया आली असणार. म्हणाला, "मागच्या वेळची तुमची ती लुकडी मुलगी आज दिसत नाही? आजारी आहे का?"

"काउंटीला खेळते," मी म्हटलं. "डिफेंडर."

वारा फार होता. त्याला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून मी परत एकदा सांगितलं.